जनगणनेच्या रकान्यातून विकिपीडियाच्या पानावर

मराठी विकिपीडियावर सह्याद्रीच्या कुशीतल्या एखाद्या लहान गावाचा लेख उघडला, की बरेचदा एकाच वळणाचा मजकूर समोर येतो. क्षेत्र किती हेक्टर, कुटुंबं किती, शाळा कितवीपर्यंत, दवाखाना किती लांब, पाणी विहिरीचं की नळाचं, ओलिताखालची जमीन किती. हा मजकूर २०११च्या जनगणनेच्या गाव निर्देशिकेतून आलेला असतो. तक्त्यातली एक ओळ म्हणजे विकीवरचा एक लेख.

निर्देशिकेत प्रत्येक गावाला सहा आकडी स्थल निर्देशांक असतो आणि त्याच्यापुढे रकान्यांची लांबलचक रांग. एखादी सोय गावात नसेल तर रकान्यात ए, बी किंवा सी हे अक्षर येतं. ए म्हणजे ती सोय पाच किलोमीटरच्या आत, बी म्हणजे पाच ते दहा, सी म्हणजे दहाच्या पलीकडे. माध्यमिक शाळेच्या रकान्यात सी असेल, तर ‘सर्वात जवळची माध्यमिक शाळा दहा किलोमीटरपेक्षा दूर आहे’ असं वाक्य तयार होतं. तक्त्यात त्या अक्षरावरून नजर सहज घसरते. वाक्य झालं की रोज तेवढी पायपीट करणारी मुलगी डोळ्यांपुढे उभी राहते. या कामाचं मोल मला तिथे दिसतं.

असं काम करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला मराठी विकीवर ‘सांगकाम्या’ म्हणतात. जगात याचा मोठा पायंडा २००२मध्ये डेरेक रॅम्सी यांच्या ‘रॅमबॉट’ने पाडला. अमेरिकेच्या जनगणनेवरून त्याने इंग्रजी विकिपीडियावर तिथल्या गावांचे आणि शहरांचे तीस हजारांहून अधिक लेख घातले. पुढे स्वेर्कर योहान्सन यांच्या ‘एलएसजेबॉट’ने स्वीडिश आणि सेबुआनो भाषांच्या विकिपीडियांवर लाखो लेख तयार केले. लेख वाढले, पण ते तपासायला माणसं तेवढी नव्हती.

सांगकाम्याची गत सांगितलं तेवढं करणाऱ्या गड्यासारखी असते. विदर्भात ‘रिठी’ गावं आहेत. महसुली दप्तरात नाव आहे, शिवार आहे, वस्ती मात्र उठून गेलेली. जनगणनेत अशा गावाचीही ओळ असते आणि लोकसंख्येपुढे शून्य. आधी अट घातली नसेल तर लेखात ‘शून्य कुटुंबे, शून्य पुरुष, शून्य स्त्रिया’ असं छापलं जाईल. तक्त्यात नावं रोमन लिपीत असली तर ळ आणि ल, ण आणि न यांचा फरक पुसला जातो. एकाच नावाची गावं तालुक्यागणिक सापडतात, म्हणून नावावर विसंबून चालत नाही. ओळख पटवायची ती निर्देशांकावरून.

आता मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातलं लामता घ्या. बालाघाट आणि नैनपूरच्या मधलं रेल्वे स्टेशन. जिल्ह्यात मराठी घरं आहेत, गोंदियाकडे सोयरिकी आहेत. जुन्या मध्य प्रांतात बालाघाट नागपूर विभागातच होता. २०११मध्ये लामत्यावरून सातपुड्यातली नॅरोगेज धावत होती. पुढे तो मार्ग बंद करून रूळ बदलले आणि आता तिथून ब्रॉडगेज गाड्या जातात. निर्देशिकेला एवढंच ठाऊक, की रेल्वे स्टेशन गावात आहे की नाही. रूळ कसले, छोटी गाडी कधी थांबली, जबलपूर किती जवळ आलं, याला तिच्यात रकाना नाही. ही वाक्यं तिथल्याच माणसाने लिहायला हवीत. त्यासाठीच तर विकीवरच्या पानावर ‘संपादन’ची कळ आहे.

म्हणून माझा आग्रह आहे, की मराठीतलं हे काम महाराष्ट्राच्या सीमेवर थांबू नये. बालाघाटच्या ओळीही मराठीत याव्यात. २०१७च्या भारत सरकारच्या खुल्या विदा परवान्याने अशा कामाची वाट बरीच मोकळी केली आहे. स्रोताचा उल्लेख मात्र चुकवायचा नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक आकड्याला साल चिकटलेलं हवं. २०११च्या तक्त्यात आजच्या पालघर जिल्ह्यातली गावं ठाण्यात सापडतात, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. साल न लिहिता ‘गावात अमुक लोक आहेत’ म्हणणं म्हणजे जुना फोटो आजचा म्हणून दाखवणं. यंत्राकडून ही चूक झाली तर एकदम हजार पानांवर होते. त्यामुळे आधी दहा-वीस गावं घालावीत, त्या भागातल्या माणसांकडून वाचून घ्यावीत आणि मगच पुढे जावं.

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिची गाव निर्देशिका हाती येईल तेव्हा २०११चे आकडे पुसून त्या जागी नवे भरण्याचा मोह होईल. तसं करू नये. जुन्या परिच्छेदाखाली नवा परिच्छेद घालावा आणि मधल्या काळात गावकऱ्यांनी हाताने लिहिलेल्या ओळींना सांगकाम्याने शिवू नये, अशी अट आज्ञावलीत पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी.