घरगुती संगणकीय स्टुडिओ : ध्वनिमुद्रण व मिश्रणातील पातळीचा विचार

जात्यावरील ओव्या, भारुडे, बोलींचे नमुने यांचे संकलन करणारा अभ्यासक आज मायक्रोफोन, ऑडिओ इंटरफेस व संगणक एवढ्या सामग्रीवर घरीच ध्वनिमुद्रण करू शकतो. मात्र ध्वनीची पातळी कोठे ठेवावी, याकडे दुर्लक्ष झाल्यास मुद्रण वाया जाते. आणि ओव्या गाणारी वृद्ध स्त्री पुन्हा गाण्यास भेटेलच, याची शाश्वती नसते.

टेपच्या काळात पातळी चढी ठेवणे योग्यच होते. फितीची खरखर मूळ आवाजाखाली दडविण्याचा तो उपाय होता. शिवाय मर्यादा किंचित ओलांडली तरी आवाज एकदम बिघडत नसे. अंकीय मुद्रणात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असून तिच्यापुढे मोजण्यास अंकच उरत नाहीत. तेथे तरंगाचा माथा सपाट कापला जातो व तो पुढे खात्रीने पूर्ववत करता येत नाही. असे असूनही मीटर लाल रेषेला भिडविण्याची जुनी सवय अनेकांकडून सुटलेली नाही. वस्तुतः प्रत्येक बिटमागे सुमारे ६ डेसिबलचा पल्ला मिळतो. म्हणजे १६ बिटांत सुमारे ९६, तर २४ बिटांत तत्त्वतः १४४ डेसिबल. त्यामुळे २४ बिटांत मुद्रण करताना सर्वोच्च पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवल्यास काहीच बिघडत नाही. घरातील पंख्याचा आवाजच बहुधा उपकरणाच्या खरखरीपेक्षा मोठा असतो!

ही पातळी इंटरफेसवरील गेनच्या बटणानेच ठरवावी लागते. पडद्यावरील फेडर खाली ओढल्याने कापला गेलेला तरंग जुळून येत नाही. चाचणीसाठी गायकास सर्वांत चढा भाग गावयास सांगावा. तबला, संबळ यांचे आघात क्षणिक परंतु तीव्र असल्याने त्यांच्यासाठी सरासरी नव्हे, तर शिखरपातळी दाखविणारा मीटर पाहावा.

मिश्रणात पातळ्यांची बेरीज होते. अगदी एकसारखे दोन ध्वनी एकत्र आल्यास ६ डेसिबलची, तर परस्परांशी असंबद्ध पण समान तीव्रतेचे दोन ध्वनी मिळाल्यास सुमारे ३ डेसिबलची वाढ होते. साहजिकच ट्रॅक वाढत गेले की एकेक फेडर खाली आणणे भाग पडते. ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट पद्धतीने चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही बेरीज आत कापली जात नाही, हे खरे. परंतु १६ बिट फाईल तयार होताना ती कापली जातेच. एमपी३ रूपांतरात शिखरे किंचित उंचावू शकतात. म्हणून अंतिम मिश्रणाची शिखरपातळी उणे १ डेसिबलपर्यंतच ठेवावी व मूळ मुद्रण २४ बिट वेव्ह स्वरूपात स्वतंत्र जतन करावे.