रामगढचा कातळ

‘शोले’तले रामगढ नकाशावर सापडत नाही. सापडते ते बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरचे रामनगर, रेशीमकोशांच्या मोठ्या बाजारासाठी ओळखले जाणारे. तिथल्या रामदेवर बेट्टाच्या पायथ्याशी (कन्नडमध्ये ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर) कलादिग्दर्शक राम येडेकरांनी एक खेडे उभे केले आणि १९७३च्या ऑक्टोबरात चित्रण सुरू झाले. त्या खेड्यातले आज काही उरलेले नाही. लोक येतात ते कातळ पाहायला.

सह्याद्रीला सरावलेल्या डोळ्यांना हा कातळ परका वाटतो. आपला बेसॉल्ट लाव्हाचे थर साचून झालेला, म्हणून डोंगरांना पायऱ्या पडतात. त्याचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. रामनगरचा ग्रॅनाइट जवळजवळ अडीचशे कोटी वर्षांचा आणि तो जमिनीच्या पोटात, सावकाश थिजलेला. वरचे खडक झिजून गेले, दाब उतरला, तसे त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत गेले. भेगांत पाणी मुरून कडा गोलावल्या. उघडे घुमट आणि एकमेकांवर तोलून ठेवल्यासारख्या शिळा अशा घडल्या. ‘शोले’तल्या रेल्वेवरच्या दरोड्याचे चित्रण पनवेलच्या बाजूला झाले. त्यामुळे गाडी धावते बेसॉल्टच्या मुलखात आणि घोडे दौडतात ग्रॅनाइटमध्ये. हा सांधा एकदा लक्षात आल्यापासून माझे गब्बरकडे लक्षच लागत नाही!

भूवैज्ञानिक या खडकाला ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ म्हणतात. क्लोजपेट हे गावाचे इंग्रजी अमदानीतले नाव, बॅरी क्लोज या अधिकाऱ्यावरून पडलेले. गावाने ते टाकले, शास्त्राने ठेवले.

कॅमेऱ्याला भावलेले हेच उभे, उघडे कडे लांब चोचीच्या गिधाडांनाही हवे असतात. माणूस पोचणार नाही अशा कपारीत ती घरटे करतात आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते. एक वीण फुकट गेली, की वर्ष गेले. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने देशभर गिधाडांचा संहार केला. औषध टोचलेले जनावर मेले, की त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. जनावरांसाठी या औषधावर २००६मध्ये बंदी आली. २०१२मध्ये रामदेवर बेट्टाचे सुमारे ३४६ हेक्टर क्षेत्र गिधाड अभयारण्य झाले. तरीही तिथली गिधाडे आज बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. मध्यंतरी ‘शोले’च्या नावाने पर्यटन वाढवण्याची कल्पना पुढे आली होती. माझे मत स्पष्ट आहे. जे उभारायचे ते गावात उभारावे, कड्याखाली नको.

मी गेलो तेव्हा देवळाच्या पायऱ्यांवरून काही तरुण गब्बरचे संवाद ओरडत होते आणि समोरचा कडा ते परत ऐकवत होता. त्या कड्यावर, खूप उंचावर, कपारीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले. मी तासभर थांबलो. गिधाड काही दिसले नाही.