ओढ आणि गोडी

मनाची ओढ तीव्र असली की सुख आपसूक पदरी पडते, या समजुतीवर आपण आयुष्याचा बराचसा जमाखर्च मांडतो. परंतु ओढ आणि गोडी ही मेंदूच्या कारभारातील दोन निराळी खाती आहेत, याचा दाखला प्रयोगशाळेतील उंदरांनी दिला आहे.

१९५४ साली मॉन्ट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदराच्या मेंदूत बसवलेली बारीक तार योजिलेले ठिकाण चुकून भलतीकडेच टेकली, आणि मेजाच्या ज्या कोपऱ्यात विजेचा सौम्य झटका मिळाला होता तिकडेच तो प्राणी पुनःपुन्हा वळू लागला. पुढे झटक्याची कळच उंदरांच्या स्वाधीन केली, तेव्हा ती ते तासाला शेकडो वेळा दाबीत राहिले. सुखाचे केंद्र सापडले असे मानले गेले, आणि कालांतराने डोपामिन या रसायनाला सुखद्रव्याची सनदही मिळाली.

ती सनद रद्द करविली मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी. मेंदूतील डोपामिन जवळजवळ नाहीसे केलेला उंदीर पुढ्यातल्या अन्नाला तोंड लावीत नाही. नळीने भरविले नाही तर तो उपाशी मरेल. पण त्याच्याच जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब सोडावा, तर तो मिटक्या मारतो, प्रथमच मधाचे बोट चाटलेल्या तान्ह्या मुलासारख्या. गोडी शाबूत, ओढ तेवढी गहाळ! उलट, विजेच्या झटक्याने अधाशासारखा खाणारा उंदीरही पाहण्यात आला. त्याच्या मुद्रेवर मात्र आस्वादाची खूण तसूभरही वाढली नव्हती.

गोडीचा कारभार अफूसारख्या, मेंदूतच निपजणाऱ्या द्रव्यांकडे असून, उंदराच्या मेंदूतील तिचे एक प्रमुख ठाणे जेमतेम एक घन मिलिमीटर भरते. ओढीचा अंमल त्याहून कितीतरी विस्तीर्ण. बढतीच्या हुकुमासाठी वर्षानुवर्षे झुरून, तो हाती येताच घडी करून खणात टाकणारे कारकून मी पाहिले आहेत. त्यांच्या असमाधानाला कृतघ्नपणा म्हणणे मला आता अन्यायाचे वाटते.

ओढीला मी हलके लेखीत नाही. तिच्यावाचून घासही तोंडाशी येत नाही. पण तिच्या जोरावरून सुखाचे माप घेऊ नये. कंपवाताच्या काही रुग्णांना डोपामिनचे कार्य करणारी औषधे दिली असता जुगाराचा अनावर नाद लागतो, आणि मात्रा उतरवली की तो बहुधा ओसरतो.