ट्रकमधल्या जीपीएसबद्दलचे गैरसमज

ट्रकमध्ये जीपीएस बसला की चालकाला वाटतं, मालकाला डिझेलचोरीचा संशय आलाय. हे वाटणं अगदीच निराधार नाही. गाडी कुठे थांबली, टाकीतलं डिझेल किती घटलं, एवढंच पाहण्यासाठी अनेकांनी यंत्र बसवलेलं असतं. पण वेग, अचानक दाबलेला ब्रेक, जोरात घेतलेलं वळण आणि सलग चाललेले तास यांच्याही नोंदी त्यातून मिळू शकतात. चालकाचा जीव वाचवू शकणारी ही माहिती अनेक ठिकाणी कुणी उघडूनही पाहत नाही.

यंत्र बसवलं की अपघात आपोआप कमी होतात, हा मालकांचा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेच्या संशोधकांनी तेल-वायू उद्योगासाठी चालणाऱ्या वाहनांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध केला. काही गाड्यांत चूक होताच फक्त इशाऱ्याचा दिवा लागायचा. काहींत दिवा तर होताच, शिवाय पर्यवेक्षक चालकासोबत बसून त्या क्षणाचं चित्रण पाहायचा आणि बोलायचा. नुसत्या दिव्याने लक्षणीय फरक पडला नाही. जिथे बोलणं झालं, तिथे धोकादायक चालवणं स्पष्टपणे घटलं.

अमेरिकेचाच दुसरा अनुभव जास्त बोलका आहे. तिथे मालट्रकचालकाला विश्रांतीनंतर जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते आणि डिसेंबर 2017 पासून त्याची नोंद बहुतेक ट्रकमध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्रानेच ठेवावी लागते. तासांचा नियम जास्त पाळला जाऊ लागला. अपघात घटल्याचं मात्र 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं नाही. उलट छोट्या कंपन्यांच्या चालकांचं वेगमर्यादा मोडणं वाढलं. तास मोजले गेले, पण माल वेळेत पोहोचवण्याचा दबाव तसाच राहिला, म्हणून चालकांनी घाई केली.

आपल्याकडे हा दबाव कुठून येतो, तेही जीपीएसच्या नोंदीत दिसतं. कारखान्याच्या दाराशी लोडिंगसाठी गाडी तासन्‌तास उभी राहते, सुटते संध्याकाळी आणि माल मात्र ठरल्या वेळेलाच पोहोचायला हवा असतो. मग रात्र जागून वेळ भरून काढली जाते. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत झोपेचा जोर सर्वाधिक असतो. कितीही मुरलेला चालक याला अपवाद नाही. ताशी 80 किलोमीटर वेगात डोळा तीन सेकंद लागला, तर गाडी 65 मीटरहून जास्त अंतर तशीच जाते. गाडी दारात किती वेळ खोळंबली, याचा पुरावा मालकाच्या संगणकात असतो. तो ग्राहकापुढे ठेवून खोळंब्याचे, म्हणजे हॉल्टिंगचे, पैसे मागणं आणि पोहोचण्याची वेळ बदलून घेणं, हे मला इशाऱ्याच्या कोणत्याही दिव्या-भोंग्यापेक्षा मोठं सुरक्षेचं काम वाटतं.

“ज्याचे जोराचे ब्रेक जास्त, तो चालक वाईट” हेही घाईचं अनुमान आहे. एका चालकाचे ब्रेक सगळीकडेच जोराचे असतील, तर त्याच्याशी बोलायला हवं. पण वेगवेगळ्या चालकांचे ब्रेक एकाच वळणावर लागत असतील, तर दोष रस्त्याचा असू शकतो. नागपुरात 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पात महापालिकेच्या बसमध्ये पुढच्या धोक्याचा इशारा देणारी यंत्रं बसवली गेली. अशा इशाऱ्यांच्या नोंदी एकत्र केल्या की धोक्याच्या जागा अपघात होण्याआधीच नकाशावर दिसू लागतात. ट्रकच्या नोंदींतून महामार्गांवरही हे करता येईल.

घाटात न्यूट्रलवर गाडी सोडली की डिझेल वाचतं, हा समज बोरघाटापासून पुण्याच्या नवले पुलाच्या उतारापर्यंत ऐकू येतो. आजच्या इंजिनांत उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की डिझेलचा पुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. शिवाय न्यूट्रलमध्ये गाडी रोखून धरणारी इंजिनाची ताकद जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकड सोडतात. इंजिन बंदच केलं, तर एअर ब्रेकची हवा भरणंही थांबतं. वेग आणि इंजिनाचे फेरे यांची नोंद एकत्र पाहिली, की न्यूट्रलवर उतरलेली गाडी लगेच ओळखू येते. डिझेल वाचवल्याबद्दल बक्षीस देणाऱ्या मालकांनी हे जरूर तपासावं.

राहिला जीपीएसच्या जोडीला बसवला जाणारा कॅमेरा. तो फक्त चालकाला पकडण्यासाठी असतो, हे खरं नाही. अपघातात मोठ्या गाडीच्या चालकाला लोक आधीच दोषी ठरवतात. तेव्हा समोरच्या रस्त्याचं चित्रण त्याच्या बाजूची साक्ष देऊ शकतं. केबिनच्या आतला कॅमेरा मात्र वेगळा. लांब पल्ल्याचा चालक तिथेच झोपतो, कपडे बदलतो. गाडी उभी असताना हा कॅमेरा बंद असायलाच हवा.

मालकांना माझी विनंती आहे: या नोंदींवरून चालकाचा भत्ता कापू नका. महिन्यातून एकदा त्याला शेजारी बसवून त्या दाखवा आणि त्याचं म्हणणं ऐकून पुढच्या फेरीची वेळ ठरवा.