छातीवर कुणाचं नाव?

26 ऑक्टोबर 2022. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरात इंग्लंडविरुद्धचा नेटबॉलचा सामना. डॉनेल वॉलम देशाकडून पहिल्यांदाच खेळत होती, तीही बदली खेळाडू म्हणून. शेवटच्या क्षणांत तिने चेंडू कड्यात घातला आणि ऑस्ट्रेलिया एका गोलाने जिंकली. वॉलम नूंगार या मूळनिवासी समाजाची. तिच्या आधी या समाजांतून देशाच्या संघात पोचलेल्या दोघीच, आणि त्यालाही वीसहून अधिक वर्षं लोटली होती. तरी त्या आठवड्यात तिकडे चर्चा होती ती गणवेशावरच्या एका नावाची.

गोव्यात 2023 मध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत नेटबॉल होता, पण पेडण्यातल्या पार्से-आगरवाड्याकडे अजून कबड्डी, व्हॉलीबॉलचीच चलती. म्हणून थोडं खेळाविषयी. बास्केटबॉलसारखा दिसतो, पण कड्यामागे फळी नाही आणि चेंडू आपटत पळायचं नाही. तीन सेकंदांत पास द्यावाच लागतो. दोन्हीकडे सात-सात खेळाडू. प्रत्येकीच्या अंगावर तिच्या जागेची इंग्रजी अक्षरं असतात आणि ती अक्षरं सांगतील तेवढ्याच भागात तिला फिरता येतं. गोल करण्याचा अधिकार फक्त दोघींना. वॉलम त्यातली 'जीएस', म्हणजे गोल शूटर. संघात अशी जागा एकच, त्यामुळे कारकीर्द पुष्कळदा दुसरीची जागा रिकामी होण्यावर अवलंबून राहते. वॉलम इंग्लंडला जाऊन लीड्सच्या संघाकडून खेळली. 2022 मध्ये क्वीन्सलँडच्या फायरबर्ड्स संघाची जमैकन शूटर रोमेल्डा एकेन-जॉर्ज बाळंतपणासाठी थांबली, तेव्हा तिच्या जागी वॉलमला घरच्या लीगमध्ये बोलावणं आलं. त्याच वर्षी देशाच्या संघाचं दार उघडलं.

आणि नेमका तेव्हाच राष्ट्रीय संघटनेने हॅनकॉक प्रॉस्पेक्टिंग या कंपनीशी दीड कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा करार केला होता. संघटना कर्जात होती, पैसा हवाच होता. कंपनी लोहखनिजाची. तिचे संस्थापक लँग हॅनकॉक 1984 मध्ये टीव्हीवर म्हणाले होते की मूळनिवासींच्या पिण्याच्या पाण्यात काही मिसळून त्यांना वांझ करावं. कंपनीच्या आजच्या मालकीण जिना राइनहार्ट या त्यांच्या कन्या. वडिलांचं हे बोलणं त्यांनी कधी जाहीरपणे नाकारलं नव्हतं. हे नाव छातीवर घेऊन खेळणं आपल्याला जड जातंय, असं वॉलमने सांगितलं. सहकारी तिच्या पाठीशी राहिल्या. 22 ऑक्टोबरला कंपनीने करारातून अंग काढून घेतलं. चार दिवसांनी न्यूकॅसलचा तो सामना.

हे सगळं आपल्या भागातल्या माणसाला परकं वाटू नये. धेंपो, साळगावकर हे गोव्याच्या फुटबॉलमधले मोठे क्लब ज्या घराण्यांनी उभे केले, ती खाण व्यवसायातली. धेंपो क्लबने पाच वेळा देशाची लीग जिंकली, त्याचा अभिमान पेडण्यातही होता आणि डिचोलीतही. त्याच काळात शिरगावच्या विहिरी आटत होत्या, मये-पिळगावच्या रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांची धूळ उडत होती. दोन्ही खरं आहे. खाणींमुळे डिचोलीतल्या कित्येक घरांत चूल पेटली, आणि 2012 मध्ये खाणकाम थांबलं तेव्हा ट्रकवाले, बार्जवाले बसून राहिले. अशा पैशाला सरसकट नाक मुरडणं मला पटत नाही. पण ज्यांच्या पाण्याशी त्या पैशाचा संबंध आहे, त्यांच्यापैकीच एखादी मुलगी संघात असेल, तर सही करण्याआधी तिला विचारायला हवं. संघटनेने ते केलं असतं, तर पहिल्याच सामन्यापूर्वी सगळा भार वॉलमच्या खांद्यावर आला नसता. पैसा बुडवला म्हणून तिलाच बोल लावणारेही निघाले. हे फार अन्यायाचं होतं.

पैसा मिळालाही. ऑक्टोबर संपायच्या आत व्हिक्टोरिया राज्याच्या पर्यटन संस्थेने तेवढ्याच रकमेचा करार केला. तरी खेळाडूंच्या पगाराचा प्रश्न उरलाच: 2023 च्या विश्वचषकात बारावं जेतेपद मिळवून आलेल्या मुलींचेच करार सप्टेंबरअखेर संपले आणि वाटाघाटी अडल्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या लीगमधल्या खेळाडू दोन महिने बिनपगारी राहिल्या. डिसेंबरमध्ये तडजोड झाली, तेव्हा संघटनेच्या उत्पन्नात त्यांना पहिल्यांदा वाटा मिळाला.