एका शाळेत दोन बाई

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असं आपण म्हणतो. पण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वाडीवरच्या कितीतरी शाळा दोनच शिक्षकांवर चालतात. शिक्षण हक्क कायद्यातच पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक धरले आहेत. आम्ही दोघी अशाच एका शाळेत शिकवतो. एकीची बरीच वर्षं इथेच गेली, दुसरी घाटावरून नवी आलेली. एकमेकींशी जुळवून घ्यायला आम्हाला एका वजाबाकीने शिकवलं.

तिसरीतल्या एका मुलीला ४२ वजा १७ हे गणित घातलं. उत्तर आलं १५. पुन्हा घातलं, पुन्हा १५. मुलगी तर हुशार! मग तिला म्हटलं, मोठ्याने बोलत कर. तेव्हा उलगडा झाला.

आमच्यातली मोठी जुनी रीत शिकवायची. दोनातून सात जात नाहीत, म्हणून दोनाचे बारा करायचे. बारातून सात गेले, पाच. मग हातचा एक खालच्या एकात मिळवायचा. चारातून दोन गेले, दोन. उत्तर २५. धाकटी नवी रीत शिकवायची. चार दशकांतला एक दशक सुटा करायचा, वर तीन उरतात. तिनातून एक गेला, दोन. उत्तर २५च. मोठी बैठकीला गेली की धाकटी सगळे वर्ग सांभाळायची, त्यामुळे मुलांच्या कानावर दोन्ही रीती पडत होत्या. त्या मुलीने दोन्ही बाईंचं ऐकलं. वरच्या चाराचे तीन केले आणि खालच्या एकाचे दोनही केले. तिनातून दोन गेले, उरला एक.

आम्ही दोघी बरोबर, आणि पोरीचं गणित चुकीचं. आमचा अबोला होता, भुर्दंड तिला पडला.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की अर्धा तास बसायचं. पुढच्या आठवड्यात कोणत्या वर्गाला काय आणि कोणत्या रीतीने शिकवायचं, ते एका वहीत लिहायचं. एकीला अचानक रजा पडली, किंवा पऱ्याला पाणी आलं म्हणून पोचता आलं नाही, तर दुसरी वही उघडते आणि तिथूनच पुढे शिकवते.

दुसरं, मुलांसमोर एकमेकींची चूक काढायची नाही. खटकलं तर मधल्या सुट्टीत बोलायचं, पण बोलायचंच. मनात ठेवलं की ते सडतं.

तिसरं, कामं मोजून वाटायची. पोषण आहाराची नोंद, हजेरी, पत्रव्यवहार ही कामं दिसत नाहीत, म्हणून भांडणं त्यांवरूनच होतात. आम्ही ती कागदावर लिहिली, तेव्हा कळलं की दोघींनाही आपल्यावरच जास्त ओझं आहे असं वाटत होतं. आता दर महिन्याला अदलाबदल करतो.

हे नवं नाही. सावित्रीबाई फुले माहेरी असताना त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ ला जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात मागे राहिलेल्या फातिमाला किती त्रास पडत असेल, याची आठवण आहे. आपण नसताना आपलं काम कोण उचलतंय, हे ध्यानात ठेवलं की अर्धी भांडणं मिटतात.

आता तुमचं काम, मैत्रिणींनो. पाणवठ्यावर "मोठ्या बाई बऱ्या की धाकट्या?" अशी चर्चा होते, ती आमच्या कानावर येते आणि आमच्यात फट पडते. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. तिथे बसाल तेव्हा एवढंच विचारा, "बाई, तुम्ही दोघी आठवड्यातून एकदा एकत्र बसता ना?" बचत गटाच्या अध्यक्ष आणि सचिव यांनाही हाच प्रश्न विचारून बघा.

ती मुलगी आता चौथीत आहे. वजाबाकी एकाच रीतीने करते, आणि उत्तर बरोबर येतं.