अ‍ॅरे रिकामा आहे का? जावास्क्रिप्टमध्ये असं तपासा

शॉपिंग साइटवर कार्ट उघडलं, आत काहीच नाही, पण ‘कार्ट रिकामं आहे’ असा मेसेजही नाही. नुसती कोरी स्क्रीन! असं का होतं?

बऱ्याचदा कोडमध्ये ‘इफ’च्या कंसात थेट अ‍ॅरे टाकलेला असतो. पण जावास्क्रिप्ट रिकामा अ‍ॅरे [] सुद्धा ‘ट्रू’च धरते. म्हणून अ‍ॅरेची लेंग्थ === 0 आहे का, ते बघा.

सर्व्हरवरून डेटा आलाच नसेल, तर अ‍ॅरेच्या जागी ‘अनडिफाइन्ड’ असू शकतं. मग लेंग्थ विचारताच एरर येते. त्यासाठी आधी अ‍ॅरे.इझअ‍ॅरे() ने खात्री करा.

रिअ‍ॅक्ट वापरताय? तिथे नुसतं ‘लेंग्थ &&’ लिहिलं, तर स्क्रीनवर चक्क 0 उमटतो. त्याऐवजी ‘लेंग्थ > 0 &&’ लिहा.